गणिती केरूनाना छत्रे

अलिबागच्या दक्षिणेस थोड्या मैलांवर समुद्रकाठी नागाव नावाचे गाव आहे. अष्टागरातले हे एक गाव. दोहों बाजूंस नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून पायवाट आणि पलीकडे समुद्राची गाज. या गावी १६ मे १८२४ रोजी विनायक लक्ष्मण छत्रे यांचा जन्म झाला. घरात त्यांना केरो म्हणत. पुढे मोठेपणी सारा महाराष्ट्र त्यांना केरोपंत किंवा केरूनाना या नावाने ओळखू लागला, आणि विनायक हे नाव कागदोपत्रीच राहिले.

त्या वेळी अलिबागेस आंग्र्यांचे राज्य होते. अलिबागसमोर समुद्रात जो किल्ला दिसतो त्याचे नाव कुलाबा. मुंबई बेटाच्या दक्षिण टोकासही कुलाबाच म्हणतात. एका कुलाब्याच्या शेजारी जन्मलेल्या या मुलाने आपल्या आयुष्यातील मोलाची दहा वर्षे दुसऱ्या कुलाब्यात काढावी, हा योग मोठा गमतीचा आहे.

केरोपंत लहान असतानाच त्यांच्या आईवडिलांचे छत्र हरपले. पोरक्या मुलाला आप्तांनी मुंबईस आणले. तेव्हा या दोन ठिकाणांमध्ये आगगाडी नव्हती, मोटार नव्हती. मार्ग समुद्राचा. शिडाच्या पडावातून वाऱ्याच्या लहरीप्रमाणे माणसे मुंबईच्या बंदरास लागत. कोकणातून येणारी मंडळी बहुधा गिरगावच्या वाड्यांतून किंवा किल्ल्यालगतच्या वस्तीत उतरत. तेथेही नारळीची झाडे होती, विहिरी होत्या, कौलारू घरे होती; पण पलीकडे किल्ल्यात व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या आणि त्या पेढ्यांवर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आकड्यांचा बाजार चाले. कापूस किती खंडी आला, भाव काय फुटला, हुंडी किती हजारांची, व्याज किती, या हिशेबांवर मुंबई वाढत होती.

असे हिशेब करणारी मुले कोठे शिकत? गल्लोगल्ली पंतोजींच्या शाळा असत. एखाद्या वाड्याच्या ओसरीवर मुले ओळीने बसत, धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षरे गिरवीत आणि संध्याकाळी एका सुरात पाढे म्हणत. पाढे तरी किती! तीसपर्यंतचे पाढे तर होतेच. शिवाय पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढेही मुखोद्गत असत. या पाठांतराच्या जोरावर बारा वर्षांचा मुलगा सव्वीस शेर साखरेची अडीच आण्यांच्या भावाने होणारी किंमत क्षणात तोंडाने सांगे. आज आपल्याला ते जमणार नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

याच शाळांतून मुले संख्येच्या स्थानांची नावेही पाठ करीत : एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. ही अठरा नावे झाली. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. इतक्या मोठ्या संख्येचे नाव ज्यांच्या लहान मुलांच्या तोंडी होते असे लोक जगात फारसे नव्हते. मात्र या पद्धतीत एक उणीव होती. नावे पाठ असली तरी ती स्थाने कशासाठी आहेत, हे बहुधा कोणी सांगत नसे. मुलगा परार्धापर्यंत न अडखळता म्हणे. परंतु तीनशे पाच हे लिहावयास सांगितले, तर एखादा तीनशेचे तीन आकडे लिहून त्यांच्यापुढे पाच मांडी आणि ३००५ करून ठेवी. कानाला तीनशे आणि पाच असेच ऐकू येते ना! मग मुलाचा तरी काय दोष?

खरी गोष्ट अशी, की आपले अंक अवघे दहा आहेत. शून्यापासून नवापर्यंत. एवढ्या दहा चिन्हांनी कितीही मोठी संख्या लिहिता येते, याचे कारण प्रत्येक अंकाला दोन मोले असतात : एक त्याचे स्वतःचे आणि दुसरे त्याच्या जागेचे. उजवीकडून डावीकडे एक घर सरकले की मोल दसपट होते. पाच हा एककाच्या घरात पाच, दशकाच्या घरात पन्नास, शतकाच्या घरात पाचशे. एखाद्या घरात काहीच नसेल तर ते घर मोकळे आहे हे दाखविण्यासाठी शून्य बसते. ते शून्य काढून टाकले तर शेजारचा अंक सरकून त्याच्या घरात येतो आणि ३०५ चे ३५ होतात. ही युक्ती आपल्या देशात निघाली, अरबांच्या हातून युरोपात गेली आणि आता सर्व जगाची झाली आहे. ती केवळ घोकून न राहता कळावी, यासाठी मुंबईत त्या काळी नवे प्रयत्न सुरू झाले होते. केरोपंत मोठे झाले ते या प्रयत्नांच्या ऐन मध्यभागी.

१८२२ साली मुंबईत मराठी व गुजराती मुलांसाठी शाळा काढणारी व पुस्तके छापणारी एक मंडळी स्थापन झाली. १८२७ पासून तिला बॉम्बे नेटिव एज्युकेशन सोसायटी म्हणू लागले. गिरगावचे जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे धनिक तिचे आधारस्तंभ होते. सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे हे तिचे चिटणीस. हे केरोपंतांच्याच घराण्यातले. कॅप्टन जर्व्हिस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने शास्त्र्यांच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत आणली, तीही या सोसायटीसाठीच. तोवर मराठीत छापील गणित असे नव्हतेच म्हटले तरी चालेल. नवे शब्द घडवावे लागत, नवी उदाहरणे शोधावी लागत.

पुढे एल्फिन्स्टन संस्था निघाली. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे १८२७ साली स्वदेशी परत निघाले, तेव्हा लोकांनी त्यांच्या स्मरणार्थ वर्गणी जमविली आणि त्या पैशांतून अध्यापक नेमले. त्यांचे वर्ग आरंभी किल्ल्यातील टाउन हॉलमध्ये भरत. हीच ती उंच पायऱ्यांची, जाड खांबांची इमारत. केरोपंत या संस्थेत शिकले. गणित आणि सृष्टिज्ञान शिकविण्यास ऑर्लीबार नावाचे इंग्रज प्राध्यापक होते, आणि त्यांच्या जोडीला बाळशास्त्री जांभेकर.

बाळशास्त्र्यांचे नाव तुम्ही ‘दर्पण’ या पहिल्या मराठी वृत्तपत्राचे संपादक म्हणून ऐकले असेल. १८३२ साली त्यांनी ते सुरू केले, तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. पण ते तितकेच थोर गणिती होते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. कोकणातील पोंभुर्ले गावाहून आलेला हा तरुण एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवू लागला, तेव्हा त्या जागेवर आलेला तो पहिला हिंदी मनुष्य होता. केरोपंतांना असा गुरू लाभला. इंग्रजीतून आलेले ज्ञान मराठीतून सांगता येते, आणि जे मराठीतून सांगता येत नाही ते आपल्यालाच नीट कळलेले नाही, ही जाणीव त्यांना बाळशास्त्र्यांच्या सहवासात झाली असावी. त्यांच्या पुढील साऱ्या कामावर तिची छाप दिसते.

१८४० साली केरोपंतांना सोळावे वर्ष लागले होते. त्या वर्षी कुलाब्याच्या वेधशाळेत त्यांची नेमणूक झाली.

ही वेधशाळा १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने बांधली. तिचा आरंभीचा हेतू व्यवहारी होता. समुद्रावरील गलबताला आपण कोठे आहोत हे कळण्यासाठी अचूक वेळ लागते. विषुववृत्ताजवळ घड्याळात चार सेकंदांचा फरक पडला, तर नकाशावर गलबताची जागा सुमारे एक सागरी मैलाने चुकते. म्हणून बंदरातील जहाजांना अचूक वेळ मिळावी यासाठी येथून ताऱ्यांचे वेध घेत. पुढे जगातील निरनिराळ्या देशांनी पृथ्वीच्या चुंबकशक्तीचे एकाच वेळी मापन करण्याचे ठरविले, त्यात कुलाब्याचाही समावेश झाला. ऑर्लीबार हे तेथील काम पाहत. त्यांना हाताखाली विश्वासू माणूस हवा होता आणि वर्गात बसलेला हा मुलगा त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

कुलाबा तोवर वेगळे बेटच होते. मुंबईस जोडणारा रस्ता पाण्यात भर घालून १८३८ साली पुरा झाला. त्याआधी ओहोटीची वाट पाहावी लागे किंवा होडी करावी लागे. या नव्या रस्त्याने केरोपंत वेधशाळेकडे जाऊ लागले. दोन्ही बाजूंस समुद्र, समोर दीपगृह आणि त्या बाजूला वेधशाळेची बैठी इमारत.

तेथले काम म्हणजे काय होते? धाग्याने टांगलेले लोहचुंबक दालनात स्थिर केलेले असे. त्याचे सूक्ष्म हेलकावे दुर्बिणीतून पाहावयाचे आणि पट्टीवरील आकडा टिपावयाचा. मग वायुभारमापक, मग उष्णतामापक, मग वाऱ्याची दिशा आणि पाऊस. ठरलेल्या वेळी, दिवसा आणि रात्रीही. पावसाळ्यात समुद्र खवळला म्हणून वेळ टळत नसे. सण आहे म्हणूनही टळत नसे. प्रत्येक वेळी वहीत पाच-सात आकडे. एका दिवसाचे पान, महिन्याचे पुडके, वर्षाचा ग्रंथ. मग त्यांच्या बेरजा आणि सरासऱ्या.

हे काम वरवर पाहता कंटाळवाणे. परंतु अंकाच्या स्थानाची किंमत माणसाला कळावयाची तर ती अशाच ठिकाणी. वायुभारमापकातील पाऱ्याची उंची समुद्रकाठी २९·८ इंचांच्या आसपास असते. त्यातील बिंदू एक घर सरकला तर २·९८ होतात, आणि असे तर जगात कोठेच घडत नाही; म्हणजे ती चूक निदान उघडी पडते. खरा धोका लहान सरकण्याचा. एखाद्याने २९·८०२ ऐवजी २९·८२० लिहिले, तर ते खरेच वाटते. वाचणारा फसतो, बेरीज फसते, आणि ती बेरीज ज्या कोष्टकात जाते ते कोष्टकही फसते. पुन्हा तेथील वह्या इंग्रजीत. इंग्रजी आठाचा आकडा आणि आपला चाराचा आकडा किती सारखे दिसतात, हे तुम्ही एकदा शेजारी शेजारी लिहून पाहा. दोन्ही लिपींत रोज वावरणाऱ्या माणसाला केवढे जागरूक राहावे लागत असेल!

वाचनातही असाच एक फरक होता. आपण सहस्रानंतर दोन-दोन घरांनी लक्ष, कोटी असे गट पाडतो. इंग्रज तीन-तीन घरांनी पाडतात. पुढे १८६४ साली मुंबईची पहिली शिरगणती झाली, तेव्हा शहरात ८,१६,५६२ माणसे भरली. आपण ही संख्या आठ लक्ष सोळा हजार पाचशे बासष्ट अशी वाचतो. इंग्रज तीच ८१६,५६२ अशी लिहून आठशे सोळा हजार असे म्हणतो. स्वल्पविराम हलला, नावे बदलली. पण अंकांची घरे जागची हलली नाहीत, आणि माणूस एकही कमी-अधिक झाला नाही. या संख्येत सहाचा अंक दोनदा आला आहे. पहिला सहा म्हणजे सहा हजार माणसे, दुसरा म्हणजे साठ. दोघांचे रूप एकच. फरक फक्त कोणत्या घरी कोण बसला एवढाच.

केरोपंत कुलाब्यास सुमारे दहा वर्षे होते. या काळात त्यांच्यावर एक मोठा आघात झाला. बाळशास्त्री जांभेकरांनी काही काळ वेधशाळेचेही काम पाहिले होते, शाळा तपासल्या होत्या, शिक्षक तयार करण्याचा वर्ग चालविला होता. इतक्या कामाचा भार त्यांच्या शरीराला झेपला नाही. मे १८४६ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते निवर्तले. मराठीतून शास्त्रे शिकविण्याचे जे काम त्यांनी आरंभिले होते ते अर्धेच राहिले. ते पुढे नेणाऱ्यांमध्ये त्यांचा हा शिष्य होता.

१८५१ साली पुण्यास विश्रामबाग वाड्यातील संस्कृत पाठशाळा आणि तेथील इंग्रजी शाळा एक करून पूना कॉलेज निघाले. केरोपंत त्याच वर्षी तेथे अध्यापक म्हणून गेले. मुंबई सुटली, बोरघाट चढून ते देशावर आले. पुण्यात त्यांच्यापुढे दोन प्रकारचे विद्यार्थी होते. काही कॉलेजात उच्च गणित शिकणारे, तर काही खेड्यापाड्यांतील शाळांवर शिक्षक होऊन जाणारे. मला वाटते, त्यांच्या आयुष्यातील मोठे काम या दुसऱ्या प्रकारच्या मुलांत झाले. कॉलेजातला विद्यार्थी पुस्तक मिळवून शिकेल. पण दूरच्या गावी जाणाऱ्या शिक्षकाला स्थानाचे मर्म समजले नाही, तर त्याच्या हातून जाणाऱ्या शेकडो मुलांना ते समजणार नाही.

या शाळांसाठी केरोपंतांनी मराठीत अंकगणिताचे पुस्तक लिहिले, पदार्थविज्ञानाचेही लिहिले. ही पुस्तके पुष्कळ वर्षे मराठी शाळांतून चालली. त्या काळचे अंकगणित आजच्यापेक्षा किचकट होते, हे येथे ध्यानात घ्यावे. संख्या दसपटीने चढत, पण मापे तशी चढत नसत. चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. चाळीस शेरांचा मण, वीस मणांची खंडी. वेळ मोजावयाची तर साठ विपळांचे एक पळ, साठ पळांची एक घटिका, साठ घटिकांचा दिवस. म्हणजे संख्येच्या घरात दहा भरले की एक पुढे जाई. आण्यांच्या घरात सोळा भरले की जाई. पळांच्या घरात साठ. हातचा घेणे म्हणजे काय हे ज्याला कारणासह समजले आहे त्याला या साऱ्या बेरजा एकच. ज्याने नुसते घोकले आहे त्याला प्रत्येक माप म्हणजे नवे संकट. १ एप्रिल १९५७ पासून आपल्याकडे रुपयाचे शंभर पैसे झाले, तेव्हा नाण्यांनाही अंकांचीच चाल मिळाली. केरोपंतांच्या पुस्तकांवर वाढलेल्या मुलांना ती सोय नव्हती.

आता त्यांच्या आयुष्यातील ज्या प्रकरणाने त्यांची कीर्ती झाली आणि ज्याने त्यांना विरोधही सोसावा लागला, ते सांगितले पाहिजे. ते प्रकरण पंचांगाचे.

कलियुगाच्या आरंभापासून किती दिवस गेले, या संख्येला आपल्या ज्योतिषात अहर्गण म्हणतात. तीवरून सूर्य, चंद्र आणि ग्रह कोठे आहेत ते काढता येते. १८६० सालच्या पहिल्या जानेवारीस ही संख्या १८,११,९४५ होती. हिच्यात एकाचा अंक तीनदा आला आहे : एकदा दशलक्षाच्या घरी, एकदा दशसहस्राच्या आणि एकदा सहस्राच्या. समजा, लिहिणाऱ्याच्या हातून सहस्राचा एक आणि शतकाचा नऊ यांची अदलाबदल झाली आणि १८,१९,१४५ असे लिहिले गेले. फरक पडला ७,२०० दिवसांचा. म्हणजे ज्योतिषी वीस वर्षांनंतरचा चंद्र आजच्या पंचांगात लिहून मोकळा होईल!

इतक्या मोठ्या संख्या रोज गुणावयाच्या हे कष्टाचे काम. ते वाचविण्यासाठी गणेश दैवज्ञ या थोर ज्योतिष्याने १५२० साली ‘ग्रहलाघव’ नावाचा ग्रंथ लिहिला. हेही कोकणातलेच, मुरूडजवळच्या नांदगावचे. ग्रंथ लिहिला तेव्हा त्यांचे वय अगदी कोवळे होते असे सांगतात. त्यांनी अकरा वर्षांचे म्हणजे ४,०१६ दिवसांचे एक चक्र मानले. आपल्या काळापासून किती चक्रे झाली ती वेगळी मोजावयाची. उरलेले दिवस ४,०१६ च्या आतच राहतात. लक्षांची संख्या सहस्रांत आली. ही सोय इतकी उत्तम होती, की महाराष्ट्रातील पंचांगे शतकानुशतके ग्रहलाघवावरून होत राहिली.

परंतु सोयीसाठी जेथे बारीक अंश सोडून दिले, तेथे ते अंश हळूहळू साचत गेले. ग्रहलाघवाच्या वेळेपासून शके १७८२, म्हणजे इसवी सन १८६०, पर्यंत ३४० वर्षे झाली; तीस चक्रे आणि वर दहा वर्षे. वर्षाला एकाच पळाची चूक होत आहे असे धरले, तरी एवढ्या काळात ३४० पळे, म्हणजे सुमारे सव्वादोन तास होतात. पंचांगात ग्रहणाची एक वेळ लिहिलेली असावी आणि आकाशात ग्रहण दुसऱ्याच वेळी दिसावे, असे होऊ लागले. यात गणेश दैवज्ञांचा दोष नव्हता. आपल्या काळी त्यांनी आकाश पाहूनच गणित बसविले होते. नंतरच्यांनी मात्र आकाशाकडे पाहण्याचे सोडले आणि ग्रंथ तेवढा धरून ठेवला.

केरोपंत कुलाब्यास वेध घेऊन आलेले होते. लिहिलेला आकडा आणि दिसणारी वस्तू यांचा मेळ पडला पाहिजे, ही सवय त्यांच्या अंगी मुरली होती. त्यांनी पाश्चात्त्य ज्योतिष्यांची नवी कोष्टके अभ्यासिली, आपल्या पद्धतीला जुळतील अशी करून घेतली आणि १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. कोष्टके म्हणजे आकड्यांची पानेच पाने. वाचकाला त्यात रस नसतो. पण ती करणाऱ्याला एकूणएक आकडा पुन्हा पुन्हा ताडून पाहावा लागतो. हे काम त्यांनी कॉलेजची शिकवणी सांभाळून केले.

केवळ ग्रंथ लिहून ते थांबले नाहीत. आबासाहेब पटवर्धन या गृहस्थांच्या साहाय्याने शके १७८७, म्हणजे १८६५, पासून नव्या गणिताचे पंचांग निघू लागले. लोक त्याला पटवर्धनी पंचांग म्हणत. रेवती नक्षत्रातील एक विशिष्ट तारा आरंभस्थान मानून केरोपंतांनी सर्व गणित मांडले होते. त्यामुळे संक्रांतीचा दिवस चार दिवस आधी येऊ लागला, कधी कधी अधिक मासही निराळा पडू लागला.

येथेच लोकांचे पाऊल अडखळले. ग्रहणाची वेळ बरोबर आली तर हवीच होती. पण आपला सण शेजाऱ्याच्या सणापेक्षा वेगळ्या दिवशी करावयाचा म्हणजे काय? श्राद्धाची तिथी बदलावयाची म्हणजे काय? पुष्कळ शास्त्र्यांनी हे पंचांग नाकारले. काहींच्या मते आरंभस्थानाची केरोपंतांची निवड बरोबर नव्हती, आणि या प्रश्नावर विद्वानांत पुढेही बराच काळ वाद चालला. तेव्हा विरोध करणारे सारेच अडाणी होते असे समजू नये. नवे पंचांग घेणारी घरे थोडीच निघाली. तरीही केरोपंतांनी गणित चालू ठेवले. गणित वर्षाचे असते; ते दर वर्षी नव्याने करावे लागते.

पुण्यातील त्यांच्या शिष्यांत बाळ गंगाधर टिळक नावाचा एक विद्यार्थी होता. डेक्कन कॉलेजात त्याला गणित शिकविले ते केरोपंतांनी. अवघड उदाहरणे निराळ्या रीतीने सोडविण्याची टिळकांना हौस होती आणि अशा शिष्याचे गुरूला कौतुक होते. गुरूबद्दलचा आदर टिळकांनी अखेरपर्यंत बाळगला. पंचांगाच्या शुद्धीचा प्रश्न त्यांनी गुरूकडूनच उचलला असे म्हणावयास हरकत नाही.

१८७९ साली केरोपंत सेवानिवृत्त झाले. पाच वर्षांनी, १९ मार्च १८८४ रोजी, त्यांचे निधन झाले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात त्यांच्या कार्याची नोंद घेतली आहे.

१९०४ साली लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने मुंबईत ज्योतिष्यांची परिषद भरली आणि पंचांग आकाशाशी जुळावे की ग्रंथाशी, या प्रश्नाचा तेथे खल झाला. पुढे टिळकांच्या नावाने जे पंचांग निघाले त्यात केरोपंतांनी मानलेलेच आरंभस्थान आहे, आणि म्हणून त्यात मकरसंक्रांत १० जानेवारीला येते. ते मानणारी घरे अजून महाराष्ट्रात आहेत.

त्याच सुमारास मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहाने कुलाब्याच्या लोहचुंबकांची स्थिरता बिघडणार हे उघड होते. चुंबकीय वेध घेण्यासाठी ट्रामपासून दूर, पण मुंबईपासून फार लांब नाही, अशी जागा हवी होती. अशी जागा सापडली ती अलिबागेस. लोहाचा अंश नसलेला दगड निवडून तेथे नवी वेधशाळा बांधण्यात आली. १९०४ पासून दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी आकडे टिपले, दोहोंचा मेळ घातला आणि मग कुलाब्याचे काम थांबविले. तेव्हापासून ते आकडे अलिबागेस लिहिले जात आहेत, नागावपासून थोड्या मैलांवर.